गावाला द्यायचं तर काय द्यायचं?

   

आजचा विषय एका श्रोत्यांच्या फोनमुळे सुचला. ते म्हणाले, "बाबांना जाऊन वर्ष होईल. त्यांच्या नावाने गावाला काहीतरी टिकाऊ द्यायचंय. पाच हजार डॉलर बाजूला ठेवलेत. तुम्ही सांगा, काय करू?"

मी त्यांना लगेच उत्तर दिलं नाही. कारण हे एकदा मी स्वतः केलंय, आणि ते टिकलं नाही. माझं आजोळ नगर जिल्ह्यात, पारनेर तालुक्यात. २०१६ साली आम्ही भावंडांनी आणि इथल्या काही मित्रांनी पैसे जमवून तिथल्या वस्तीवर बोअर घेऊन दिला. मोटर बसवली, टाकी बांधली, चार नळ काढले. टाकीवर आमच्या नावांचा फलकही लागला. दोन उन्हाळे बायकांची पायपीट थांबली. तिसऱ्या उन्हाळ्यात मामांचा फोन आला, "बोअर आटला रे." झालं काय होतं? आमच्या बोअरला चांगलं पाणी लागलेलं पाहून आसपासच्या शेतांत सात-आठ नवे बोअर झाले होते, आणि तेही आमच्यापेक्षा खोल. फलकावर आमची नावं अजून आहेत, नळाला मात्र पाणी नाही.

यात चूक कुणाची? शेतकऱ्याची म्हणाल, तर त्याने स्वतःच्या जमिनीत, स्वतःच्या पैशाने बोअर घेतला होता. चूक आमच्या समजुतीत होती. आम्हाला वाटलं, गावाला कमी आहे ती बोअरची. प्रत्यक्षात खालचं पाणी कुणी, किती आणि कशासाठी उपसायचं हे ठरवणारं तिथे कुणी नव्हतं. ते नसताना आम्ही आणखी एक बोअर घातला.

"शाश्वत विकास" हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांचा एक आयोग नेमला होता. त्याच्या १९८७ च्या अहवालाने हा शब्द जगभर नेला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याची १७ उद्दिष्टं ठरवली. त्या अहवालातला अर्थ थोडक्यात असा, की आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढीच्या वाट्याचं संपवू नये. आपल्या आज्यांना हे माहीत होतंच. कितीही ओढाताण झाली तरी बियाण्याची ज्वारी दळायला काढायची नसते.

पण एका प्रदेशात ज्या गोष्टीने गाव उभं राहतं, तीच दुसऱ्या प्रदेशात निरुपयोगी ठरते. म्हणून आज आपण महाराष्ट्रातल्या चार वेगवेगळ्या मुलखांत जाऊ. प्रत्येक ठिकाणी दोनच प्रश्न विचारू. इथे नेमकं कशावाचून अडलंय? आणि त्यावरचा निर्णय कुणाच्या हातात आहे?

सुरुवात पठारावरच्या दुष्काळी मुलखापासून. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. या दगडाच्या आत पाणी फारसं मावत नाही. वरच्या झिजलेल्या मुरमाड थरात आणि खडकाच्या भेगांत जेवढं मुरेल तेवढंच. म्हणजे जमिनीखाली समुद्र नाही, रांजण आहे, आणि तो सगळ्या गावाचा मिळून एक आहे. माझ्या विहिरीचं पाणी आणि शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी वेगळं नसतं. दोघांच्या नळ्या एकाच रांजणात असतात.

हे ज्या गावाने ओळखलं ते नगरजवळचं हिवरे बाजार. पाऊस वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर. आपल्या सॅन होजेला पडतो जवळपास तेवढाच. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचत गेलं. डोंगर उघडे पडले, दारू वाढली, घरंच्या घरं कामासाठी बाहेर गेली. १९८९ साली एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने डोंगरावर समतल चर खोदले, बांध घातले, झाडं लावली, श्रमदान केलं. याचे फोटो तुम्ही पाहिले असतील. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली हेही माहीत असेल.

पण चर आणि बांध महाराष्ट्रात हजारो गावांत झाले आहेत. पुष्कळ ठिकाणी ते गाळाने भरले. मग हिवरे बाजारात ते कामी कसे आले? कारण खोदकामाबरोबर गावाने स्वतःला काही बंधनं घालून घेतली. झाड तोडायचं नाही. डोंगरावर गुरं मोकळी सोडायची नाहीत, गवत विळ्याने कापून आणायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस आणि केळी लावायची नाहीत. शिवाय गाव पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी काय आहे, माणसांना आणि गुरांना किती लागेल, हे आधी काढायचं. उरेल त्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. पाऊस कमी झाला की पेरा कमी. चराईबंदीमुळे गवत वाढलं, गवतामुळे दूध वाढलं आणि गाव सोडून गेलेली कुटुंबं परत आली.

वाटणीचा प्रश्न त्याहून आधी एका इंजिनिअरने हाती घेतला होता. पुण्याचे विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात गेले. तिथून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा मुख्य नियम असा, की पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्यात हिस्सा. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस घ्यायचा नाही. खर्चातला काही वाटा लाभ घेणाऱ्यांनी स्वतः उचलायचा. बड्या जमीनदाराला हे पटणं सोपं नव्हतं. पण पाण्यावर प्रत्येकाचा हक्क मान्य झाला की ते राखण्याची जबाबदारीही प्रत्येकाला घ्यावीशी वाटते, हे तिथे दिसलं.

मंडळी, हा प्रश्न खेड्यातल्या अडाण्यांचा आहे असं समजू नका. आपण राहतो त्या कॅलिफोर्नियातच बघा. सॅन वाकीन खोऱ्यात मेंडोटाजवळ भूजल इतकं उपसलं गेलं, की १९२५ ते १९७७ या काळात जमीन सुमारे २८ फूट खचली. म्हणजे जवळजवळ तीन मजले! तरीही सगळ्या राज्यासाठी भूजलाचा कायदा व्हायला २०१४ साल उजाडलं. सर्वांत जास्त उपसा झालेल्या खोऱ्यांनी २०४० पर्यंत ताळेबंद जुळवायचा आहे. हिवरे बाजारची ग्रामसभा हेच काम अनेक वर्षं करते आहे.

आता त्याच पठारावर, पण पाणी भरपूर असलेल्या भागात जाऊ. कृष्णा आणि पंचगंगेचा काठ, सांगली-कोल्हापूरचा ऊसपट्टा. सहकारी साखर कारखान्यांनी या भागाचं आणि एकूण पश्चिम महाराष्ट्राचं रूप बदललं. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी पहिला सहकारी कारखाना उभा केला, त्यानंतर साखरेबरोबर शाळा, कॉलेजं, दवाखाने आले. आपल्यातले कितीतरी जण अशाच एखाद्या कॉलेजातून शिकून इथवर आले असतील.

इथला त्रास मात्र उलटा आहे. वर्षानुवर्षं काळ्या जमिनीला पाट भरभरून पाणी दिलं की जमिनीखालची पातळी वर येते. पाण्याबरोबर क्षार वर येतात. पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. मग जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो आणि एकेकाळची सोन्यासारखी जमीन क्षारपड होते. वर उभा ऊस, पण उतारा घटत जातो, आणि शेवटी काहीच उगवत नाही.

यावर उपाय आहे. जमिनीखाली भोकांचे पाइप टाकून जादा पाण्याचा निचरा करायचा. गोम अशी, की एकट्याने हे होत नाही. माझ्या शेतातलं पाणी ओढ्यापर्यंत जायचं तर वाटेत पाच जणांची शेतं लागतात. त्यांनी वाट दिली नाही तर माझे पाइप फुकट. म्हणून शिरोळ तालुक्यात शेतकऱ्यांनी गट करून हे काम केलं आणि पडीक झालेल्या जमिनी पुन्हा लागवडीला आणल्या. अशा गावाला तुम्ही बोअर किंवा बंधारा दिलात तर तो कुणाला हवा असेल? तिथे पाणी आणणं संपलंय, आता ते बाहेर काढायचं आहे.

तिसरा मुलूख पूर्वेकडचा, गडचिरोलीचा. जिल्ह्याचा बहुतांश भाग जंगलाखाली. पाऊस चांगला, जंगल दाट, आणि माणसं मात्र गरीब. असं का? कारण जंगल दाराशी असूनही त्यावर गावाचा हक्क नव्हता. आपल्याच शिवारातला बांबू विकला तर तो गुन्हा ठरायचा. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाडांमध्ये धरलं होतं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. १९८० च्या दशकात या भागात मोठ्या धरणांविरुद्ध आंदोलन झालं, त्यातून गाव जागं झालं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही तिथली दोन नावं. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा या गावाची. पण घोषणेमागे शिस्त होती. निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वांच्या सहमतीने घ्यायचा. एकाचाही विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बोलायचं. गावात अभ्यासगट चालायचा. कायदा काय म्हणतो हे लोक बसून समजून घ्यायचे.

म्हणून २००६ साली वनहक्क कायदा आला तेव्हा हे गाव तयार होतं. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशात अगदी सुरुवातीला असा हक्क मिळालेल्या गावांपैकी हे एक. पण बांबू गाडीत घालून नेण्याचा परवाना वन खात्याकडेच होता. हक्क कागदावर आणि माल जंगलात, अशी गत. शेवटी एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. पैसा गावात राहू लागला आणि किती तोडायचं हेही गावच ठरवू लागलं. २०१३ साली गावाने एक पाऊल पुढे टाकलं. ग्रामदान कायद्याखाली सगळ्यांनी आपली जमीन ग्रामसभेच्या नावे केली.

त्या गावाला २००५ साली कुणी पैसे देऊ केले असते तर त्याचं काय झालं असतं? एखादं सभागृह बांधलं गेलं असतं. अडलं होतं ते हक्कावाचून. तो मिळवायला कायदा वाचणारी माणसं आणि दर आठवड्याला बसण्याची चिकाटी लागली.

आता घाट उतरू. कोकण! तीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि एप्रिल-मेमध्ये वाडीवर टँकर. बाहेरच्यांना हे कोडं वाटतं. कारण जांभा दगड. तो चाळणीसारखा, पाणी धरून ठेवत नाही. उतार तीव्र, नद्या आखूड. पाऊस थांबला की पाणी थोड्याच दिवसांत समुद्राला मिळतं.

पण कोकणाचा मोठा तुटवडा पाण्याचा नाही, माणसांचा आहे. पिढ्यान् पिढ्या घरटी एक माणूस मुंबईच्या गिरणीत आणि गावाकडे मनीऑर्डर, असा संसार चालला. १९८२ च्या संपाने गिरण्या संपल्या, तरी माणसं परतली नाहीत. पुढे मुंबईची दुबई झाली, कॅलिफोर्निया झाली. १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण बागा राखायला आज नेपाळहून माणसं येतात, कारण घराला कुलूप असतं.

जिथे स्थानिक माणसाला गावात राहूनच चार पैसे मिळतात, तिथे चित्र बदलतं. मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरली जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले आणि त्यांची सोय गावातल्याच घरांत होऊ लागली. उकडीचे मोदक वाढणाऱ्या घराला कासवाचं पिल्लू समुद्रात पोचण्यात रस निर्माण झाला. त्यासाठी मोठं हॉटेल लागलं नाही.

आता ज्यांच्या फोनमुळे आजचा भाग झाला, ते श्रोते. ते राजापूरकडचे. त्यांच्याशी पुन्हा बोललो तेव्हा सहज विचारलं, "गावच्या जमिनीचं काय?" म्हणाले, "सामाईक आहे. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत." मग जरा थांबून म्हणाले, "चुलतभावाला तिथे काजू लावायचाय. सरकारी योजना घ्यायची तर सगळ्या हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. चार वर्षं तो माझ्या मागे लागलाय. मी म्हणत होतो, पुढच्या ट्रिपला बघू." आपण काय बोलतोय हे त्यांचं त्यांनाच लक्षात आलं. गावात राहिलेला एक तरुण माणूस काहीतरी करू बघत होता, आणि तो अडला होता यांच्या एका सहीवाचून.

मंडळी, हा प्रश्न आपल्यातल्या बऱ्याच जणांना लागू आहे. आजोबांच्या नावावरची जमीन, वारस नोंद झालेली नाही, एक आत्या पुण्याला, एक काका दुबईत, आपण इथे. वडिलोपार्जित शेतजमिनीत आपला हिस्सा राहतो, नागरिकत्व बदललं तरी. आणि हिस्सा राहतो म्हणजे अडवण्याची ताकदही राहते. आपण काही वाईट करत नाही, नुसतं लांबणीवर टाकतो. तिकडे एक हंगाम जातो.

मग पैसे पाठवण्याआधी काय करावं? आधी फोन करा, आणि "काय हवंय?" एवढंच विचारू नका. उत्तर बहुधा देऊळ, कमान किंवा बोअर असं येईल. त्याऐवजी विचारा, की उन्हाळ्यात आधी कुठली विहीर आटते, गेल्या पाच वर्षांत कोण गाव सोडून गेलं, कोण परत आलं. यातून कशावाचून अडलंय ते कळेल. दुसरं, जे काही उभं राहील त्याची देखभाल कोण करणार आणि वापराचा नियम कोण ठरवणार, हे ग्रामसभेत बोललं गेलंय का ते पाहा. गावाचा स्वतःचा थोडा तरी वाटा त्यात असू द्या. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी या दिवसांच्या आसपास गावी असाल तर ग्रामसभेला जाऊन बसा. बोलू नका, ऐका. तिसरं, महाभूलेखच्या संकेतस्थळावर आपला सातबारा काढून बघा. आपलं किंवा आपल्या वडिलांचं नाव कुणाच्या वाटेत उभं आहे का? संमतीपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र इथून करता येतं. ते वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून घेता येतं. मात्र कुलमुखत्यारपत्र देताना ते ठरावीक कामापुरतंच द्या आणि वकिलाला दाखवा.

आणि एक कायद्याची गोष्ट. तुम्ही अमेरिकन नागरिक झाला असाल, ओसीआय कार्ड असलं तरी, तुमची देणगी भारतात परदेशी निधी धरली जाते. ती घेणाऱ्या संस्थेची एफसीआरए नोंदणी असावी लागते. भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असाल, तर नियम वेगळा. भावनेच्या भरात कुणाच्याही खात्यावर पैसे टाकू नका, त्रास घेणाऱ्याला होतो.

माझ्या आजोळच्या बोअरचं काय झालं? तो तसाच आहे. पण गेल्या वर्षी मामांच्या वस्तीवरच्या नऊ घरांनी मिळून विहिरीची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून शाळेच्या भिंतीवर लिहायला सुरुवात केली आहे. आमच्याकडून त्यांनी पैसे मागितले नाहीत. ऊस लावायचा की नाही यावर अजून भांडणं चालू आहेत. पण निदान भांडण आकड्यांवर चाललंय.

आणि आपले राजापूरचे श्रोते? त्यांनी दूतावासाची तारीख घेतली आहे. पाच हजार डॉलरचं अजून ठरलेलं नाही. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, आधी सही येऊ दे. पैशाचं काजू लागल्यावर बघू."

तुमच्या गावात कशावाचून अडलंय, हे आम्हाला जरूर कळवा. पुढच्या भागात तुमचे अनुभव वाचून दाखवू. तोवर नमस्कार, आणि आज रात्री भारतात सकाळ झाली की गावी एक फोन कराच.